#कविता पुसला तरी जात नाही: ऑब्सिडियनमधले मराठी टॅग एआय एजंटकडून काढताना

ऑब्सिडियन या नोंदी ठेवण्याच्या ॲपमध्ये काही वर्षांच्या नोंदी साठल्या की टॅगची यादी हाताबाहेर जाते. एकेक नोंद उघडून टॅग काढायला वेळ नसतो, म्हणून टर्मिनलमध्ये चालणारा एआय एजंट व्हॉल्टच्या, म्हणजे सगळ्या नोंदी असलेल्या, फोल्डरमध्ये सुरू करायचा आणि सांगायचे, ‘#कविता हा टॅग सगळ्या नोंदींमधून काढून टाक.’ क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय यांपैकी कोणताही एजंट चालतो. तो शोध घेतो, छोटी स्क्रिप्ट लिहितो, चालवतो आणि काम झाल्याचे कळवतो. ऑब्सिडियन उघडून पाहावे तर #कविता जागच्या जागी आहे. उलट #कवितासंग्रह हा टॅग, ज्याचे नावही कोणी काढले नव्हते, तो यादीतून गेलेला आहे आणि त्या नोंदींमध्ये नुसता ‘संग्रह’ हा शब्द सुटा पडला आहे.

पुन्हा सांगितले तरी असेच होते. तिसऱ्यांदा सांगितले की एजंट सगळ्या अटी काढून सरसकट शोध-बदल करतो. मग #कविता जातो खरा, पण #कविता/ओवी या टॅगची ‘/ओवी’ अशी शेपटी उरते आणि नोंदींमधले दुवे तुटतात.

ही तक्रार मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांकडून वारंवार येते आणि प्रत्येक वेळी दोष एजंटच्या समजुतीवर ढकलला जातो. बहुतेक वेळा एजंटला तुमचे म्हणणे नीट कळलेले असते. अडचण त्याच्या हातातल्या हत्यारात आहे. ते हत्यार मात्रेला, म्हणजे काना-वेलांटीसारख्या चिन्हांना, शब्दाचा भाग मानत नाही.

मात्रेपाशी नेमके काय होते

ऑब्सिडियनमध्ये टॅग कुठल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवलेला नसतो. प्रत्येक नोंद ही मार्कडाउन स्वरूपातली साधी मजकूर-फाइल असते आणि तिच्यात हॅश लावून लिहिलेला शब्द किंवा वरच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेले नाव म्हणजे टॅग. त्यामुळे टॅग पुसायचा म्हणजे तो जिथे जिथे लिहिला आहे ती प्रत्येक फाइल बदलायची. एजंट हे काम सहसा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टने करतो. #कविता शोधताना #कवितासंग्रह सापडू नये, म्हणून तो नमुन्याच्या शेवटी ‘शब्दसीमा’ लावतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना लिहिण्याच्या भाषेत, ही शब्दसीमा बॅकस्लॅश-बी अशी लिहितात. इंग्रजी टॅगसाठी ती बऱ्यापैकी काम करते.

जिथे शब्दातले अक्षर संपते आणि शब्दाबाहेरचे चिन्ह सुरू होते, किंवा याच्या उलट घडते, तिथे शब्दसीमा लागते. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलच्या लेखी ‘क’, ‘व’, ‘त’ ही अक्षरे आहेत, पण वेलांटी, काना, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नाहीत. सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तांत्रिक मानक १८ प्रमाणे ही चिन्हे शब्दाचाच भाग धरायला हवीत. पायथनच्या त्रुटी-नोंदणीत ही तक्रार २०११ पासून आहे.

आता हा नियम #कविता या टॅगला लावून पाहा. शेवटचे चिन्ह काना आहे, म्हणजे पायथनच्या दृष्टीने शब्दाबाहेरचे. त्यापुढे मोकळी जागा आहे, तीही शब्दाबाहेरची. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून सीमा नाही, म्हणून टॅग सापडत नाही. #कवितासंग्रह मध्ये मात्र काना संपून ‘स’ सुरू होतो. पायथनला तिथे सीमा दिसते, नमुना जुळतो आणि पुढचा भाग कापला जातो. जो टॅग जायला हवा तो राहतो आणि जो राहायला हवा तो जातो. निकाल बरोबर उलटा.

टॅगच्या शेवटी नुसते व्यंजन असेल तर चित्र बदलते. #वाचन शोधला तर तो सापडतो आणि जातो. पण #वाचनालय मध्येही ‘न’ नंतर काना आहे, म्हणजे सीमा आहे, म्हणून तिथेही कात्री लागते आणि नोंदीत ‘ालय’ असा काना पुढे आलेला तुकडा उरतो. #घर काढताना #घरकाम वाचतो, कारण ‘र’ नंतर ‘क’ हे अक्षर आहे. पण #घरातले चे ‘ातले’ होते. म्हणूनच तक्रारी इतक्या विस्कळीत वाटतात. एकाला टॅग गेलेला दिसतो, दुसऱ्याला राहिलेला, तिसऱ्याला मोडलेला. टॅग कोणत्या चिन्हावर संपतो आणि त्याच्यापुढे काय येते, यावर सगळे ठरते.

एजंटने पायथनऐवजी जावास्क्रिप्ट वापरली तर आणखी वेगळे घडते. जावास्क्रिप्टची शब्दसीमा फक्त इंग्रजी अक्षरे, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर ओळखते. तिच्या दृष्टीने अख्खी देवनागरी शब्दाबाहेर आहे. त्यामुळे #वाचन एकदाही सापडत नाही आणि #वाचन_जुने मात्र सापडतो, कारण अंडरस्कोर तिला कळतो. ‘शून्य फाइली बदलल्या’ असा अहवाल आला तर स्क्रिप्ट कोणत्या भाषेत लिहिली आहे ते आधी विचारा.

निदान कसे करायचे

बरेच एजंट नुसता शोध घेताना रिपग्रेप हे मजकूर शोधण्याचे साधन वापरतात. रिपग्रेप ज्या इंजिनावर चालते ते मात्रांना शब्दाचा भाग मानते, त्यामुळे शोधाचा आकडा बहुधा बरोबर येतो. बदल मात्र पायथनने होतो. म्हणून पहिल्या अहवालात ‘अमुक ठिकाणी सापडला’ आणि शेवटच्या अहवालात ‘तमुक ठिकाणी काढला’ या दोन आकड्यांत तफावत दिसली, तर मात्रेचीच अडचण आहे असे समजून चाला. ही तफावत एजंट आपणहून नेहमी सांगत नाही. ‘शोधलेल्या आणि बदललेल्या जागांचे आकडे शेजारी मांड आणि फरक असेल तर थांब’ असे सुरुवातीलाच सांगून ठेवावे.

आधी नासधूस झाली असेल तर तीही शोधता येते. शब्द कधी मात्रेने सुरू होत नाही. ओळीच्या सुरुवातीला किंवा मोकळ्या जागेनंतर थेट काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आला असेल, तर तो तुटलेल्या शब्दाचा अवशेष आहे. एजंटला अशा सगळ्या जागांची यादी करायला सांगा. व्हॉल्टमध्ये अशी एकही जागा नसायला हवी. अपवाद फक्त व्याकरणाच्या किंवा टंकलेखनाच्या नोंदींचा, कारण तिथे सुटी मात्रा मुद्दाम लिहिलेली असू शकते.

एजंटला काय सांगायचे

पायथनला ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल घेतले की मात्रांचा प्रश्न सुटतो. पण तेवढे पुरत नाही. ऑब्सिडियनच्या टॅगमध्ये जोडरेघ आणि तिरपी रेघ चालते, आणि शब्दसीमेची सर्वात अचूक व्याख्यासुद्धा या दोन चिन्हांपाशी शब्द संपवते. म्हणजे #वाचन पुसताना #वाचन-यादी आणि #वाचन/कादंबरी यांना धोका राहतोच. म्हणून शब्दसीमा वापरूच द्यायची नाही. टॅग कुठे संपतो ते आपण सांगायचे. मी एजंटला देतो तो मजकूर असा:

‘आधी फक्त शोध घे, काहीही बदलू नकोस. #कविता हा टॅग पुढच्या अटी पाळल्या तरच मोज. हॅशच्या आधी ओळीची सुरुवात किंवा मोकळी जागा असावी. टॅगच्या शेवटानंतर मोकळी जागा, ओळीचा शेवट, स्वल्पविराम, पूर्णविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा बंद कंस असावा. पुढे देवनागरी अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त, अंक, जोडरेघ, अंडरस्कोर किंवा तिरपी रेघ असेल तर तो वेगळा टॅग आहे, त्याला हात लावू नकोस. बॅकस्लॅश-बी आणि बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरू नकोस. कोड ब्लॉक, ओळीतला कोड, दुवे आणि वेबपत्ते वगळ. या अटींत न बसणाऱ्या पण संशयास्पद वाटणाऱ्या जागा वेगळ्या दाखव. प्रत्येक जागेसाठी फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि पूर्ण ओळ दे.’

बहुतेक एजंटांमध्ये फक्त वाचण्याची किंवा आधी आराखडा दाखवण्याची सोय असते. हा पहिला शोध त्याच सोयीत चालवा. यादी डोळ्यांखालून घातल्याशिवाय सरसकट बदलाची परवानगी देऊ नका.

खऱ्या व्हॉल्टला हात लावण्याआधी एक चाचणीची नोंद करून स्क्रिप्ट तिच्यावर चालवावी. तिच्यात एवढे तरी असावे:

#कविता
#कविता, #कथा
#कवितासंग्रह
#कविता/ओवी
#कविता-जुन्या
काल #कविता वाचली.
[[वाचन यादी#कविता]]

पहिली ओळ रिकामी व्हायला हवी. दुसरीत फक्त #कथा उरायला हवा, लोंबकळणारा स्वल्पविराम नको. तिसरी, चौथी, पाचवी आणि सातवी ओळ जशीच्या तशी राहायला हवी. सहावीबद्दल पुढे लिहितो. शिवाय एक कोड ब्लॉक घालून त्यात #कविता लिहा, तोही न बदलता राहायला हवा. स्क्रिप्ट या नोंदीवर खरी उतरली तरच पुढे जा.

वाक्यातले टॅग

सहावी ओळ अवघड आहे. ‘काल #कविता वाचली’ यातला टॅग पुसला तर ‘काल वाचली’ उरते आणि काय वाचली ते कायमचे हरवते. रोजनिशी लिहिणाऱ्यांना ही सवय फार असते, कारण वाक्यातच हॅश लावला की वेगळा टॅग लिहावा लागत नाही. अशा ठिकाणी टॅग पुसायचा नसतो, फक्त हॅश काढायचा असतो.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपण प्रत्यय शब्दाला जोडून लिहितो. त्यामुळे #पुणे, #पुण्यात, #पुण्याला, #पुण्याहून असे चार टॅग तयार होतात आणि यादी फुगते ती मुख्यतः अशाने. हे सगळे काढायचे असतील तर एजंटला सामान्यरूपांसह पूर्ण यादी द्यावी लागते. ‘पुण्य’ ने सुरू होणारे सगळे काढ, असे सांगितले तर #पुण्यतिथी सुद्धा जातो. एजंटकडून आधी व्हॉल्टमधल्या सर्व टॅगची यादी काढून घ्या, तिच्यातले नेमके हवे ते स्वतः निवडा आणि तीच निवडलेली यादी त्याला परत द्या. ही निवड एजंटवर सोपवण्याजोगी नाही.

वाक्यातला टॅग आणि सुटा टॅग यांत फरक करायला सोपा नियम पुरतो. ओळीत टॅगशिवाय दुसरे काही नसेल, किंवा टॅग ओळीच्या अगदी शेवटी इतर टॅगसोबत आला असेल, तर पूर्ण काढायचा. आजूबाजूला मजकूर असेल तर फक्त हॅश काढायचा. शंका असेल तिथे हॅशच काढायला सांगा. एखादा जादा शब्द राहिला तर नंतर काढता येतो, गेलेला शब्द आठवून परत लिहिता येत नाही.

दिसायला एक, लिहायला दोन

नमुना बरोबर, चाचणी बरोबर, तरीही #ॲप हा टॅग यादीत उरलेला दिसतो. इथे अडचण कीबोर्डची असते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या स्थानावर आहे आणि ते २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीपासून, आणि अनेक कीबोर्डवर आजही, ते ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिले जाते, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ ही दोन चिन्हे एकापुढे एक. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे समतुल्य लेखने एका रूपात आणण्याच्या प्रक्रियेने, ते एक होत नाहीत, कारण मानकानुसार ते समतुल्यच नाहीत. फोनवर लिहिलेल्या नोंदी आणि लॅपटॉपवर लिहिलेल्या नोंदी यांत हा फरक हमखास सापडतो.

‘ऱ्य’ चेही तसेच आहे. #कादंबऱ्या यातले ‘ऱ्य’ कोणी ‘ऱ’ हे अक्षर वापरून लिहितो, कोणी ‘र’, हलन्त आणि त्यापुढे जोडणारे अदृश्य चिन्ह घालून. डोळ्यांना कळत नाही, शोधाला कळते. यातला ‘ऱ’ सुद्धा ‘र’ आणि नुक्ता असा फोडून लिहिलेला असू शकतो. हा एवढा प्रकार मात्र सामान्यीकरणाने एकत्र येतो, कारण मानकात ते दोन्ही समतुल्य धरले आहेत.

उपाय असा की टॅगमध्ये ॲ, ऑ किंवा ऱ्य असेल तर एजंटला त्या टॅगची सर्व संभाव्य लेखने तयार करायला सांगायची आणि प्रत्येक लेखन किती ठिकाणी आहे ते कोड-क्रमांकांसह दाखवायला सांगायचे. नुसते अक्षर दाखवले तर यादीत एकच टॅग दोनदा दिसेल आणि कोणता कोणता ते समजणार नाही. पुढे नवे टॅग करताना या अक्षरांचे शब्द शक्यतो टाळावेत. #कादंबऱ्या ऐवजी #कादंबरी ठेवला तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रॉपर्टीजमधले टॅग

नोंदीच्या माथ्यावर तीन जोडरेघांच्या दोन ओळींमध्ये जो भाग असतो, त्यात टॅग हॅशशिवाय लिहिलेले असतात. हॅश शोधणाऱ्या नमुन्याला ते दिसतच नाहीत. ‘सगळीकडून काढला, तरी यादीत आकडा दिसतो’ या तक्रारीचे हे सर्वात साधे कारण आहे आणि सर्वात आधी तेच तपासावे.

तिथे लिहिण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या सापडतात. कधी चौकोनी कंसात स्वल्पविरामाने वेगळे केलेले, कधी प्रत्येक टॅग नव्या ओळीवर जोडरेघेपुढे, जुन्या नोंदींमध्ये कधी नुसते एका ओळीत. हा भाग यामल या स्वरूपात असतो, म्हणून तो शोध-बदलाने न हाताळता यामल वाचणाऱ्या लायब्ररीने, म्हणजे तयार कोडच्या संचाने, हाताळायला सांगा. नाहीतर नाव पुसले जाते आणि मोकळी जोडरेघ मागे राहते. या लायब्ररींमुळे एक गोष्ट मात्र होते. भाग परत लिहिताना अवतरणचिन्हे आणि ओळींची मांडणी बदलू शकते, आणि तुम्ही तिथे टिप्पण्या लिहिल्या असतील तर त्या जाऊ शकतात. ज्या फाइलींमध्ये टॅग सापडला त्याच फाइलींचा हा भाग परत लिहावा, इतरांना हात लावू नये.

विंडोजवाल्यांसाठी इशारा

हा परिच्छेद विंडोजवर काम करणाऱ्यांनी कृपया नीट वाचावा, कारण इथे झालेले नुकसान बॅकअपशिवाय भरून येत नाही. पायथनला फाइल उघडताना यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) असे स्पष्ट सांगितले नाही, तर विंडोजवर तो बहुधा यंत्राचे जुने कोडपान, म्हणजे युनिकोडआधीचा अक्षरांचा तक्ता, गृहीत धरतो. इंग्रजी विंडोजवर ते सहसा १२५२ असते. हलन्ताच्या चिन्हाचा शेवटचा बाइट त्या कोडपानात रिकाम्या जागेवर पडतो, म्हणून जोडाक्षर आले की स्क्रिप्ट त्रुटी देऊन थांबते. थांबते ते चांगलेच. धोका पुढच्या पावलात आहे. त्रुटी घालवण्यासाठी एजंट ‘न वाचता येणारे बाइट सोडून दे’ अशी सूट टाकू शकतो. मग स्क्रिप्ट चालते, पण वाचताना हलन्ताचा तो बाइट गळतो आणि फाइल परत लिहिली जाते तेव्हा त्यातले प्रत्येक जोडाक्षर मोडलेले असते.

म्हणून ‘सर्व फाइली यूटीएफ-८ म्हणूनच उघड आणि लिही, वाचन-त्रुटी दुर्लक्षित करू नकोस, त्रुटी आली तर थांबून मला सांग’ हे वाक्य सूचनेत असलेच पाहिजे.

पुसलेला टॅग दुसऱ्या दिवशी परत येतो

हा प्रकार वेगळा. टॅग खरोखर गेला होता, तुम्ही यादीत तपासलाही होता, आणि सकाळी तो पुन्हा हजर. असे झाले की आधी टेम्पलेटचे, म्हणजे नव्या नोंदींच्या साच्यांचे, फोल्डर पाहा. रोजनिशीच्या टेम्पलेटमध्ये टॅग लिहिलेला असेल तर प्रत्येक नवी नोंद तो घेऊन येते. एजंटला ‘नोंदी’ म्हटल्यावर टेम्पलेट त्याने वगळलेले असू शकतात.

दुसरे कारण सिंक. फोनवर जुनी प्रत असेल आणि तिथे काही बदल झाला असेल, तर ती परत येऊन नव्या प्रतीत मिसळते. ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा मार्कडाउन फाइलींतले दोन्हीकडचे बदल एकत्र करते. सिंकथिंग हे फाइली सिंक करणारे साधन अशा वेळी वेगळी ‘कॉन्फ्लिक्ट’ फाइल करून ठेवते आणि त्या फाइलीत जुना टॅग जिवंत असतो. आयक्लाउडमध्ये व्हॉल्ट असेल आणि मॅकवर जागा वाचवण्याची सोय चालू असेल, तर काही फाइली यंत्रावर नुसत्या नावापुरत्या असतात. त्या एजंटच्या शोधात येतीलच असे नाही आणि त्या खाली उतरल्या की टॅगही उतरतो. काम सुरू करण्यापूर्वी अख्खे फोल्डर यंत्रावर उतरवून घ्या.

तिसरे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. व्हॉल्ट गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, असेल आणि एखादे खासगी फोल्डर गिटच्या वगळण्याच्या यादीत टाकलेले असेल, तर रिपग्रेपही ते फोल्डर वगळते. ऑब्सिडियन मात्र ते दाखवते. एजंट म्हणतो टॅग कुठेच नाही, ऑब्सिडियन म्हणते आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. ‘वगळण्याची यादी न मानता शोध’ असे सांगितले की गाठ सुटते.

नेस्टेड टॅगचाही, म्हणजे तिरपी रेघ देऊन केलेल्या टॅगच्या आतल्या टॅगचाही, इथेच उल्लेख करतो. #वाचन सगळीकडून गेला, पण #वाचन/कादंबरी शिल्लक आहे, तर यादीत ‘वाचन’ हे नाव वरच्या पातळीवर दिसतच राहते. ते पुसायचे राहिलेले नाही, ते फक्त आतल्या टॅगचे घर आहे. आतले टॅग काढले किंवा बदलले की तेही जाईल. इंग्रजी टॅगबाबत लहान-मोठ्या लिपीचा फरक लक्षात ठेवा. ऑब्सिडियन दोन्ही एकच मानते, स्क्रिप्ट मानत नाही.

टॅगवर काय काय उभे आहे

टॅग काढण्याआधी तो कुठे वापरला जातो ते पाहणे राहून जाते. नोंदींचे तक्ते करणाऱ्या डेटाव्ह्यू या प्लगइनच्या कोड ब्लॉकमध्ये ‘#वाचन असलेल्या नोंदी दाखव’ अशी क्वेरी असेल, तर टॅग गेल्यावर तो तक्ता मुकाट्याने रिकामा होतो. २०२५ मध्ये आलेल्या बेसेस या ऑब्सिडियनच्याच तक्त्यांच्या सोयीच्या फाइलींमध्ये तर टॅगचे नाव हॅशशिवायही असू शकते. एजंटला या दोन्ही ठिकाणी टॅगचे नाव शोधायला सांगा आणि सापडले तर त्या तक्त्यांचे काय करायचे ते आधी ठरवा. कोड ब्लॉक वगळायला सांगितले आहे म्हणून स्क्रिप्ट तिथे हात लावणार नाही, हे बरोबरच आहे. पण तक्ता रिकामा होणार, हे तुम्हाला माहीत असायला हवे.

ऑब्सिडियनलाच विचारावे

वरचे सगळे टाळण्याचा एक मार्ग आहे आणि मोठ्या व्हॉल्टसाठी मी तोच सुचवेन. टॅग कोणता आणि तो कुठे आहे, हे ऑब्सिडियनने आधीच ठरवून ठेवलेले असते. त्याच्या मेटाडेटा कॅशमध्ये प्रत्येक फाइलीतल्या प्रत्येक टॅगची सुरुवात आणि शेवट नोंदलेला असतो. कोड ब्लॉकमधला हॅश, दुव्यातला हॅश, वेबपत्त्यातला हॅश यांचा निवाडा त्यात झालेला असतो. मात्रांचा प्रश्न तिथे येत नाही, कारण नमुना लावायचाच नसतो. टॅगचे पूर्ण नाव तंतोतंत जुळते का, एवढेच पाहायचे.

एजंटला सांगा की फाइली थेट न बदलता ऑब्सिडियनच्या डेव्हलपर कन्सोलमध्ये चालवायची स्क्रिप्ट लिहून दे. कन्सोल विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-आय ने आणि मॅकवर कमांड-ऑप्शन-आय ने उघडतो. स्क्रिप्टने मजकुरातले टॅग कॅशमधल्या स्थानांवरून काढावेत आणि प्रॉपर्टीजमधले टॅग ऑब्सिडियनच्या ‘प्रोसेस फ्रंटमॅटर’ या सोयीने काढावेत. यामलच्या मांडणीबद्दल वर जे लिहिले ते इथेही लागू आहे. एका फाइलीत टॅग अनेकदा आला असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे काढत यावे, म्हणजे आधीची स्थाने सरकत नाहीत.

ही स्थाने कन्सोलमधून बाहेर काढून पायथनला देऊ नका. स्थाने मोजताना ऑब्सिडियन साधा इमोजी बहुधा दोन घरांचा, म्हणजे दोन चिन्हांएवढा, मोजते, पायथन एका घराचा. फाइलीत आधी असे इमोजी आले असतील, तर कात्री चुकीच्या जागी पडते.

कामाचा क्रम

सिंक थांबवा, फोनवरचे ऑब्सिडियन बंद ठेवा. व्हॉल्टच्या फोल्डरची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवा. त्याशिवाय गिटमध्ये एक कमिट (आताच्या स्थितीची नोंद) करून ठेवा, म्हणजे नेमके काय बदलले ते ओळीओळीने पाहता येते. गिट देवनागरी फाइलनावे आकड्यांच्या सांकेतिक रूपात दाखवते आणि त्यामुळे एजंटला कधीकधी फाइलच सापडत नाही. एजंटला गिटची ‘कोअर कोटपाथ’ ही सोय बंद करायला सांगा, मग नावे वाचता येतात.

एका वेळी एकच टॅग घ्या. शोध, यादी, चाचणीची नोंद, बदल, कमिट, मग पुढचा टॅग. बरेच टॅग काढायचे असतील तर लांब नावाचे आधी घ्या. #कवितासंग्रह काढून झाला असेल, तर #कविता काढताना तो मध्ये येत नाही.

प्रत्येक फेरीनंतर तपासणी ऑब्सिडियनच्या टॅगच्या यादीत करा, एजंटच्या अहवालावर नको. यादीत जुनाच आकडा अडकून राहिला असेल तर सेटिंग्जमध्ये फाइल्स आणि लिंक्सच्या विभागात व्हॉल्टची कॅश नव्याने बांधण्याची सोय आहे, ती वापरा. सुट्या मात्रांचा शोधही याच वेळी पुन्हा चालवा. बदललेल्या फाइलींची ‘शेवटचा बदल’ ही वेळ आजची होणार, त्यामुळे त्या वेळेवर नोंदी लावत असाल तर क्रम विस्कटेल. हे टाळायचे असेल तर जुनी वेळ जपून परत लावायला स्क्रिप्टला सांगता येते.

सगळे मनासारखे झाले की संगणकावर सिंक चालू करा, ती पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच फोन उघडा. फोनवर पहिल्यांदा उघडल्यावर काही लिहू नका. टॅगची यादी पाहा, ती संगणकासारखीच दिसली की मग लिहायला सुरुवात करा.